हर्णैला सांगितलेला सिनेमा

सत्तावीस वेळा पाहिलाय मी तो सिनेमा.
पहिल्यांदा बर्फाच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
निसार मुकादमच्या लॅपटॉपवर.
कॉम्प्रेसरच्या घरघरीत एक शब्द ऐकू येत नव्हता,
आला असता तरी कळला नसता.
निसारचा चुलता जहाजावर होता,
त्याच्या बॅगेत चॉकलेटांच्या खाली निघाली ती सीडी,
कव्हरवर हिरव्या तोंडाचा म्हातारा, हातात छत्री.

आम्हाला वाटलं, भुतांचा आहे.
भुतांचाच होता. पण भुतं कसली!

विलायतेतलं एक बंदर, आपल्याएवढंच.
एका सकाळी गावातले मेलेले उठतात
आणि कुणाला चावायचं सोडून
तळलेल्या माशांच्या दुकानापुढे रांग लावतात.
सवय, दुसरं काय.
मध्येच कुणी घुसलं
तर मागचे अकराजण घसा खाकरतात.
त्यातल्या दोघांना घसाच नाही, तरीही.

दुकानदार त्यांना कढईने हाणतो
आणि दर फटक्याला म्हणतो, सॉरी.
एकदा चुकून जिवंत माणसाला हाणतो.
त्याला नाही म्हणत.
इथे निसार हसता हसता
लादीवरून घसरला होता.

आमच्याकडची भुतं वेगळी.
कुणाला कोंबडा हवा, कुणाला विडी,
कुणी पुलावर पाठ धरतं आणि तंबाखू मागतं.
रांग लावणारं भूत या खाडीला नाही.
जिवंतच लावत नाहीत,
मेलेल्यांचं काय घेऊन बसलात.

मग ते वादळ आलं.
पत्रे उडाले, खांब आडवे, महिनाभर वीज नाही.
शाळेच्या एका वर्गात आम्ही साठ माणसं
आणि कुणाची तरी शेळी.
तिसऱ्या रात्री पोरं रडायला लागली
तेव्हा मी तो सिनेमा सांगायला घेतला.
दुकान आणलं पाजपंढरीच्या वळणावर.
बटाट्याच्या कापांची भाकरी केली.
सॉरीचं केलं, ‘माफ कर रं बाबा.’
खडूचा डबा ही कढई.

हौसाबाई पावशे अंधारातून म्हणाली,
‘त्यांचं दहावं क्येलं नाय का कुणी?’

सत्तावीस वेळा बघून मला हे सुचलं नव्हतं.

‘विलायतंत कावळं नाईत?’
आहेत, म्हटलं. सातव्या मिनिटाला
दुकानाच्या पाटीवर एक बसलेला असतो.
‘शिवला?’
नाही. उडून गेला.
‘मंग!’ ती म्हणाली,
आणि साठच्या साठ माणसांना सिनेमा कळला.

पुढे दुकानदाराचा बापच येतो रांगेतून.
नंबर लागतो. पोराने कढई उचललेली.
बाप खिसे चाचपतो, सुट्टे पैसे शोधतो.
नाणं निघत नाही, स्वतःचं बोट निघतं.
ते तो काउंटरवर ठेवतो.
पोरगा बघतो. कढई खाली ठेवतो.
बोट गल्ल्यात टाकतो, पुडी बांधून देतो,
वर मोड परत करतो, मोजून.

वर्ग खदखदला. शेळी दचकली.
मी मात्र इथे नेहमी थांबतो थोडा.
माझा बाप शेवटची दोन वर्षं
मला ओळखत नव्हता,
पण चारच्या ठोक्याला लिलावाच्या वाळूवर हजर.
मलाच विचारायचा पापलेटचा भाव.
मी सांगायचो.
‘म्हाग हाय,’ म्हणायचा, आणि उभाच राहायचा.
हे काही मी वर्गात सांगितलं नाही.

वीज आली त्या दिवशी
निसारला दोहाला फोन लावला, उचलला नाही.
मग हौसाबाईला बोलावून आणलं,
खुर्ची दिली, अठ्ठाविसाव्यांदा लावला.
कावळा येण्याआधीच ती झोपली.
जाताना म्हणाली,
‘तू सांगितलास तोच बरा व्हता रं.
ह्यात शेळी कुटं हाय?’